माझा गिटार-दुरुस्तीचा व्हिडिओ

इंटरनेटवर माझा एक व्हिडिओ होता. अकरा मिनिटांचा. गिटार घरच्या घरी कशी दुरुस्त करावी, ते मी त्यात शिकवत होतो. मला गिटार दुरुस्त करता येत नाही. हे इथे आधीच सांगून टाकतो, कारण व्हिडिओत मी ते कुठेच सांगितलं नव्हतं.

मला येतं ते होड्यांचं काम. आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमची शेड आहे. लाकडी होडीवर फायबरचं कवच चढवायचं, कुठे फुटलं असेल तर भरून काढायचं, एवढाच धंदा. आधी लाकूड घासून कोरं करायचं, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई पसरायची, तिला आम्ही मॅट म्हणतो. मग रेझिन या चिकट द्रवात ते कडक करणारं हार्डनर मिसळून ब्रशने चोपडायचं आणि वाळू द्यायचं. एकदा धरलं की धरलं. मी जोडलेला सांधा पुन्हा उघडला, असं वीस वर्षांत झालेलं नाही. याची मला घमेंड होती. आजूबाजूच्या लोकांनी ती वाढवूनही ठेवली होती.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मालवाहू जहाजावर खलाशी होता. कुठल्याशा परदेशी बंदरात त्याने ती गिटार घेतली आणि जहाजावरच्या गोव्याच्या स्वयंपाक्याने त्याला वाजवायला शिकवली. सुट्टीवर आला की अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि आमच्याकडच्या हळदीच्या गाण्यांच्या चाली त्या गिटारीवर वाजवायचा. पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे पुढे त्याची सुट्टी बघून लोक हळदीचा दिवस धरायला लागले. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण दादा वाजवत असला की माझं चित्त थाऱ्यावर असायचं, घरात सगळं ठीक आहे असं वाटायचं.

नंतर जहाजाची नोकरी संपली, हळदीला मोठमोठे डीजे आले, आणि गिटार माळ्यावर गेली. आठ-दहा पावसाळे ती तिथे पडून राहिली. मागच्या वर्षी दिवाळीनंतर दादाला मुंबईच्या हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा त्याने पहिली गोष्ट मागितली ती गिटार. पोटाचा कॅन्सर होता. आणखी काही करण्यासारखं नाही, घरी न्या, खाईल ते खाऊ द्या, असं डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दादाला कुणी सांगितलं नव्हतं. पण जन्मभर समुद्रावर राहिलेल्या माणसाला हवा कुठे वळली ते सांगावं लागत नाही.

मी माळ्यावरून गिटार काढली. तारा गंजून गेल्या होत्या. पुढच्या फळीचं पोट फुगलं होतं, आणि तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, तिला ब्रिज म्हणतात हे मला नंतर कळलं, ती मागच्या बाजूने उचकटून वर आली होती. नख सहज आत जाईल एवढी फट होती. दादाने तिला मांडीवर घेतलं, फटीत अंगठ्याचं नख घालून बघितलं आणि म्हणाला, म्हसळ्याला एक पेटी दुरुस्त करणारा आहे, तो गिटारीही बघतो, त्याच्याकडे ने. बोटांत ताकद आहे तोवर वाजवून घेतो, असंही म्हणाला. अगदी साध्या आवाजात, उद्याच्या भाजीचं सांगावं तसं.

म्हसळा काही लांब नाही. आगरदांड्याहून बोटीने पलीकडे दिघीला उतरायचं आणि तिथून एसटी. सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला परत घरी येतो. मी गेलो नाही. मी म्हणालो, होड्या जोडणाऱ्याच्या घरातली गिटार पेटीवाल्याकडे कशाला? एवढीशी पट्टी तर आहे. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याला मी होकार समजलो.

मग मी व्हिडिओ बघायला लागलो.

ज्याने हे व्हिडिओ बघितले नसतील त्याला ती दुनिया कळायची नाही. पहिला माणूस मला सापडला तो कुठल्या तरी थंड देशातला होता. पांढरी दाढी, मागे भिंतभर हत्यारं, बोलणं इतकं शांत की ऐकता ऐकता आपलंच दुखणं बरं व्हावं. भाषा अर्धी कळायची, खालची अक्षरं वाचून अर्धी. तो म्हणाला, गिटारीचं लाकूड वाळून आकसतं आणि सगळे आजार त्यातूनच होतात. उपाय म्हणून स्पंजाचा तुकडा ओला करून, पिळून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालायचा आणि गिटारीच्या पोटात सोडायचा. मी सोडला. रोज सकाळी नेमाने ओला करून सोडायचो.

मी राहतो तिथे बरणीतलं मीठ ओलं होतं. काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. कपाटातल्या लग्नातल्या कोटाला बुरशी येते. वीस वर्षं मी लाकडातलं पाणी बाहेर ठेवायचा धंदा करतो. आणि मी, दुसरा कुणी नाही, मीच त्या फुगलेल्या गिटारीच्या पोटात रोज ओला स्पंज घालत होतो, कारण भिंतभर हत्यारं असलेल्या एका म्हाताऱ्याने तसं सांगितलं होतं. त्याच्याकडे बर्फ पडतो आणि घरात शेगडी जळते, हवा कोरडी ठणठणीत असते, हे त्याने सांगितलं नाही. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की जगात दुसरी कुठली हवा असते. तीन आठवड्यांनी आतून कुबट वास यायला लागला आणि फट बोटाएवढी झाली.

दुसरा आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा एक तरणा मुलगा होता. तो म्हणाला, फुगलेल्या फळीवर ओला कपडा ठेवून त्यावरून इस्त्री फिरवायची, पोट बसतं. मी वहिनीची इस्त्री आणली. पॉलिश पांढरं पडलं आणि फळी एका जागी बसली, ती जरा जास्तच बसली. त्या मुलाच्या व्हिडिओत इस्त्री फिरवून झाल्यावर मध्येच संगीत सुरू होतं, आणि पुढच्या क्षणी गिटार चकचकीत तयार असते. मधल्या वेळात काय झालं ते कुणी दाखवत नाही. सहा महिन्यांनी त्या गिटारीचं काय झालं तेही कुणी दाखवत नाही. खाली शेकडो लोक आभार मानत असतात. ज्यांची गिटार बिघडली ते बहुधा गप्प बसतात. मी पण गप्पच बसलो होतो. इस्त्रीने माझं पॉलिश गेलं, हे त्या मुलाच्या व्हिडिओखाली लिहायची मला लाज वाटली.

या सगळ्यात पौष संपला, माघ अर्धा गेला. दादाचं अंग झडत चाललं होतं आणि पोटात पाणी भरायला लागलं होतं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं टम्म. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. खरं सांगायचं तर मी पळत होतो. सकाळी त्याच्या खाटेजवळ पाच मिनिटं उभा राहायचो, काय हवं नको विचारायचो आणि शेडमध्ये यायचो. तिथे गिटारीचं फुगलेलं पोट समोर असायचं. त्यावर काहीतरी करता येत होतं. मी होडीचं कामही मागे टाकलं आणि एकामागून एक व्हिडिओ बघत राहिलो. एकाने म्हणायचं मानेतला स्क्रू पिळा, दुसऱ्याने म्हणायचं त्याला हात लावाल तर मराल. दोघेही तितक्याच ठामपणे बोलायचे. मला ज्याचं म्हणणं पटायचं त्याच्याकडे मी वळायचो. म्हणजे जो माझ्या मनातलं बोलायचा त्याच्याकडे.

आणि एक दिवस तो सापडलाच. दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून ब्रिज चिकटवणारा. तो म्हणाला, बाकी सगळी चिकटवणी विसरा, हे लावलंत तर जन्मात निघणार नाही. ही भाषा माझी होती. एवढे दिवस मी उगाच परक्यांच्या दारात उभा होतो असं वाटलं. शेडमध्ये रेझिनचा डबा तर होताच.

मी काम केलं ते होडीचं केलं. ब्रिज पूर्ण उचकटून काढला. खालची फळी काचपेपरने घासून कोरी केली. रेझिनमध्ये हार्डनर मोजून घातलं, चोपडलं, पट्टी बसवली आणि वर शिकंजे आवळले. एवढ्यावर थांबलो असतो तर काही तरी उरलं असतं. पण होडीच्या कामात आपण एका अंगाने कधी भरत नाही, आतूनही एक थर देतो. मी गिटारीच्या मधल्या भोकातून हात आत घातला. आत काठ्यांसारख्या बारीक पट्ट्या होत्या, त्या कशासाठी असतात मला ठाऊक नव्हतं. त्या सगळ्यांवरून मॅटचे दोन थर दिले आणि रेझिनने भिजवून पक्के केले. हाताची आग होत होती, पण मन खूश होतं. दोन दिवस वाळू दिलं. मग आम्ही होडी बघतो तशी फळीवर बोटाच्या पेराने ठोकून बघितली. टक्क आवाज आला. कुठे पोकळ नाही, कुठे भदभद नाही. होडीतून जो आवाज यायला हवा, तोच तंतोतंत आला. मी त्या आवाजावर खूश झालो. गिटारीतून तो आवाज आला की तिचं संपलं, हे मला कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नाही.

शिमग्याच्या चार दिवस आधी नव्या तारा चढवल्या. तारा आवळल्या तरी पट्टी केसभर हलली नाही. माझी छाती इतकी फुगली की वाटलं, एवढे दिवस आपण लोकांचं ऐकलं, आता लोकांनी आपलं ऐकावं. काम करताना मी मोबाईलवर तुकडे तुकडे घेऊन ठेवले होतेच. ते जोडले, मध्ये उभा राहून बोललो. घाबरू नका म्हणालो. दुकानात जायची गरज नाही म्हणालो. होडीचं रेझिन वापरा, आतून मॅट द्या, वीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, असंही म्हणालो. वीस वर्षांचा अनुभव कशाचा, ते गाळलं.

शेवटी वाजवून दाखवायला दादाला बसवलं. वहिनीने त्याला धुतलेला शर्ट घातला, पाठीला दोन उश्या लावल्या. मी मोबाईल एका डब्याला टेकवला. दादाने तारा जुळवल्या, मान तिरकी करून थोडं ऐकलं. मग हळदीची एक चाल वाजवायला घेतली. चाळीस सेकंद वाजवलं असेल. मध्येच थांबला आणि तारांवर तळहात ठेवला. मला वाटलं दमला. त्याने मोबाईलकडे बघून हसून सांगितलं, "बेस झाली. आमच्या भावानं केली. एकदम होडीगत मजबूत."

हे त्याचं बोलणं मी व्हिडिओच्या अगदी शेवटी ठेवलं आणि व्हिडिओ टाकला.

त्यानंतर दादाने गिटार फार वाजवली नाही. बोटं दुखतात म्हणायचा. मी आणखी बारीक तारा आणल्या, तर त्या लावू नको म्हणाला. गिटार खाटेशेजारी भिंतीला टेकून उभी असायची आणि तो पडल्या पडल्या खाटेच्या लाकडावर बोटांनी ताल धरायचा. मला वाटायचं, बरं आहे, निदान मन रमतंय. एकदा तो मला म्हणाला, बस जरा. मी बसलो, पण खिशात मोबाईल सारखा थरथरत होता, व्हिडिओखाली लोकांचे प्रश्न येत होते. मी उठून बाहेर जाऊन उत्तरं लिहायला लागलो. चैत्रात, दुपारच्या वेळी, दादा गेला. मी तेव्हा शेडमध्ये होतो. वहिनीने हाक मारली तेव्हा मी कुणाला तरी हार्डनरचं प्रमाण सांगत होतो.

दादा गेला आणि व्हिडिओ वाढत गेला. मराठीत असं कुणी सांगत नाही, म्हणून लोकांनी तो इकडून तिकडे पाठवला. तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरला, पलीकडे श्रीवर्धनकडे गेला. मला लोक सर म्हणायला लागले. सर, माझी फळी तडकली आहे. सर, मॅट किती जाडीची घेऊ. मी सांगत सुटलो. शेडमध्ये एकटा बसून मी अशा गिटारींचे निवाडे करत होतो ज्या मी कधी डोळ्यांनी बघितल्या नव्हत्या. असं करताना दादा गेल्याचं थोडा वेळ विसरायला व्हायचं. म्हणून मी ते करत राहिलो, दुसरं कारण नव्हतं.

वहिनी रोज सकाळी तो व्हिडिओ लावायची. मासळी साफ करताना मोबाईल डब्याला टेकवायची आणि ओल्या बोटाने थेट दहाव्या मिनिटावर न्यायची. माझं बोलणं ती कधी ऐकायची नाही, फक्त दादाचं वाजवणं आणि त्याचं ते एक वाक्य. मग मोबाईल बंद करून पुन्हा मासळीला लागायची. मी ते बघून न बघितल्यासारखं करायचो.

पावसाळ्यात गिटारीची मान वाकली. तारा फळीपासून इतक्या वर गेल्या की दाबता येईनात. दसऱ्यानंतर माझ्या मनाने घेतलं की निदान आता तरी तिला म्हसळ्याला न्यावं. वहिनीसाठी ती नीट करून ठेवावी, वर्षश्राद्धाला कुणाकडून तरी वाजवून घ्यावी. चादरीत गुंडाळून मी ती जंगलजेट्टीवर नेली. गाड्या आणि माणसं एकत्र घेऊन दिघीला जाते ती मोठी फेरीबोट. कुणी विचारलं तर काय सांगायचं या विचाराने मी सगळा वेळ कठड्याकडे तोंड करून उभा राहिलो.

पेटीवाला साठीच्या पुढचा माणूस. दुकान म्हणजे घराची पडवी. त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पहिल्यांदा बोटाच्या पेराने ठोकली. मी ठोकली होती तश्शीच. टक्क आवाज आला आणि त्याचा चेहरा उतरला. मग दात बघायला असतो तसला छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन त्याने आत बघितलं. बराच वेळ बघत होता.

"हे कुनी केलं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, व्हिडिओत बघून केलं. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

तो म्हणाला, मग ती तिकडे टांगलेली बघा. खुंटीवर एक गिटार होती. मी आत हात घालून बघितला. मॅट लागली हाताला. दोन थर. कुठल्याशा गावातल्या शाळेतल्या बाईंची होती, मुलांची प्रार्थना त्यावर घ्यायच्या. अशी ती या वर्षातली तिसरी, आता चौथी तुमची, असं तो म्हणाला. मुरुडकडचा कोण तरी होडीवाला आहे, तो सांगतो म्हणे हे लोकांना.

मग त्याने मला सगळं समजावून सांगितलं. मी गिऱ्हाईक होतो, मला समजावणं त्याचं काम होतं. फळी थरथरते म्हणून आवाज होतो. आतल्या त्या बारीक पट्ट्या फळीला धरूनही ठेवतात आणि थरथरूही देतात. तिथे दगड बसवला तर काय थरथरणार? ब्रिज निघणं ही फार मोठी गोष्ट नाही, तो सरसाने चिकटवायचा. सरस उद्या गरम पात्याने सोडवता येतो. आपल्यानंतर जो कुणी हे काम करील, त्याला ते उघडता आलं पाहिजे, असं तो म्हणाला. हे तुमचं कुणालाच उघडता येणार नाही. फळी फाटेल, पण ते निघायचं नाही.

कधी आणली असती तर झालं असतं, असं मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, ठाऊक तर होतंच. तो म्हणाला, फक्त पट्टी सुटलेली असताना आणली असतीत तर सकाळी देऊन दुसऱ्या दिवशी घेऊन गेला असतात.

निघताना तो हसत म्हणाला, तो व्हिडिओवाला भेटला कधी तर घेऊन या, चहा पाजू त्याला. मी पण हसलो. हसून चादर गुंडाळली आणि एसटी स्टँडवर आलो. तिथे बाकावर बसल्यावर मला रडू कोसळलं. शेजारच्या म्हातारीने पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आलो तेव्हा वहिनी अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. गिटार मी मारली. दादाला वाजवायची होती आणि मी त्याची गिटार घेऊन तीन महिने बसलो आणि मारून परत दिली. दादाला फसवलं, लोकांनाही फसवतोय. व्हिडिओ काढून टाकायला हवा, पण त्यात दादा आहे, आणि तू रोज बघतेस.

वहिनीचा हात सुपात तसाच राहिला. मग ती म्हणाली, "मला म्हायती हाय, भाऊजी. तुम्ही ते शूटिंग केलंत ना, त्याच दिवशी सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, मेली गिटार."

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मी म्हटलं, मग भाऊजींना सांगा. तर म्हणाले, न्हाय सांगायचं. पयल्यापासून ठाऊक हाय मला, त्याला जमायचं न्हाय. पण त्याच्या हाताला काम हाय तोवर तो उभा राहील. गिटार काढून घेतली तर त्याला माझ्याकडं बघत बसावं लागंल, आणि ते त्याला सोसायचं न्हाय. ऱ्हाऊ दे त्याच्याकडं."

एवढं सांगून वहिनी पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मान खालीच ठेवून म्हणाली, "काढून टाका तो. मी बघायचे ती त्यांचं तोंड बघायला. ते कायम माझ्याजवळच हाय. शाळेतल्या बाईंची गिटार काय म्हणून मरावी?"

मी व्हिडिओ काढून टाकला. त्याच्याबरोबर खालचे सगळे प्रश्न गेले आणि माझी सगळी उत्तरंही गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हसळ्याला गेलो आणि पेटीवाल्याला सांगितलं की तो होडीवाला मीच. त्याने मला बसायला सांगितलं नाही. चहाचं तर नावच नाही. शाळेतल्या बाईंचं गाव तेवढं सांगितलं. मी तिकडेही जाऊन आलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि ठीक आहे म्हणाल्या. प्रार्थना आता मुलं नुसती टाळ्यांवर म्हणतात, असंही त्यांनी सांगितलं.

यानंतर प्रकरण मिटायला हवं होतं. पण दिवाळीच्या आसपास तालुक्याच्या एका ग्रुपवर तोच व्हिडिओ पुन्हा आला. कुणीतरी उतरवून ठेवला होता, आता तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात होता. पहिला कोणी पाठवला हे कुणालाच सांगता येईना. माझ्या नावाचा त्याच्याशी काही संबंधच उरला नव्हता. खाली लिहिलं होतं, घरच्या घरी गिटार दुरुस्ती, नक्की बघा.

मी लगेच लिहिलं, हे कुणी करू नका, हा माणूस मीच आहे, या पद्धतीने माझी गिटार मेली. दोन-तीन जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मग एका अनोळखी नंबरावरून प्रश्न आला. पण शेवटी जे वाजवतात ते तर स्वतः सांगतायत की बेस झाली, मग?

मी उत्तर लिहायला घेतलं. खूप लांब लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दादाचा आजार लिहिला, तोही खोडला. शेवटी एवढंच पाठवलं, की तो माझा भाऊ होता आणि माझ्यासाठी खोटं बोलला.

व्हिडिओ अजून फिरतो आहे.